पाच पुड्या माती

६ फेब्रुवारी

वहिनींस,

साष्टांग नमस्कार घालायचा म्हणजे आधी खाली जावं लागतं आणि मग वर यावं लागतं. पहिलं अजून जमतं. तेव्हा उभ्याउभ्याच केलेला नमस्कार गोड मानून घ्या.

तुमच्या गव्हाची ख्यालीखुशाली मागाहून विचारतो, आधी तुमच्या नवऱ्याची सांगतो. दादा ठणठणीत आहे. जेवतो, झोपतो, आणि रोज सकाळी माझ्या पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहून "ऑफिस उघडलं नाही का अजून?" असं विचारतो. कपाट उत्तर देत नाही आणि मी दिलेल्या उत्तरावर त्याचा विश्वास बसत नाही. तरी आमचं बरं चाललंय. पेरणीच्या तोंडावर तुम्ही त्याला माझ्याकडे सोडून गेलात, तेव्हा आयुष्यभर एकटा राहिलेला हा संस्कृतचा मास्तर लवकरच हात टेकणार असं तुमच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. टेकले नाहीत. थकलेत, पण टेकले नाहीत.

एक गोष्ट मात्र कळवायला हवी. परवा गच्चीत गेलो तर दादा कुंड्यांपाशी वाकलेला. गुलाबाच्या कुंडीतली चिमूटभर माती घेतली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले, थुंकला आणि पुढच्या कुंडीकडे सरकला. म्हटलं, "दादा, हे काय चाललंय?"

"काम," तो म्हणाला. "दिसत नाही का?"

डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, या आजारात माणूस काहीही तोंडात घालतो, कुंड्या नजरेआड ठेवा. त्यामुळे सध्या गुलाब शेजाऱ्यांकडे आश्रित आहे आणि कोरफड कपाटावर चढून बसली आहे. तिथून ती माझ्याकडे अशी बघते, जशी आमच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकाबाई बघायच्या.

मार्चअखेर तुम्ही निवृत्त होऊन येणार, हे पक्कं ना? दादाने विचारलेलं नाही, मीच विचारतोय. 'दादाने विचारलेलं नाही' हे लिहायला नको होतं, पण शाईने लिहून बसलोय.

तुमचा,
भावोजी

१३ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

कुंड्या खाली काढा. हे वेडेपणा करत नाहीत, माती बघताहेत.

मी या संशोधन केंद्रावर नव्याने रुजू झाले तेव्हा मातीतलं मीठ मोजायचं मीटर अख्ख्या केंद्रात एकच होतं, आणि ते साहेबांच्या कपाटात कुलपाखाली असायचं. साहेब दौऱ्यावर गेले की किल्लीही दौऱ्यावर. हे तेव्हा मातीचे अधिकारी. कुलपाला कंटाळून जिभेने काम चालवायचे. पहिल्याच दिवशी मला बांधावर गाठून हातात ढेकूळ दिलं आणि म्हणाले, "चाखा." मी चाखलं. लग्न त्याच दिवशी ठरलं असं म्हणायला हरकत नाही, विचारणं-बिचारणं नंतरचं. मीठ नसलेल्या मातीला आम्ही लोक 'गोड' म्हणतो. साखरेशी संबंध नाही.

इथली जमीन तुम्हाला माहीत आहे. उन्हं वाढली की वर पांढरी बुरशी धरल्यासारखं मीठ येतं. त्यात खोड अशी की मीठ सगळीकडे सारखं नसतं. इथे पाऊल टाकलं तर खारट, शेजारी टाकलं तर गोड. त्यामुळे एखादं रोप हिरवंगार दिसलं की प्रश्न पडतो, हे बियाण्याचं कर्तृत्व की जागेचं नशीब? म्हणून दर पाचवी ओळ आम्ही एकाच जुन्या, माहितीतल्या वाणाची पेरतो. कागदोपत्री तिला तुल्य वाण म्हणतात, आम्ही 'साक्षीदार' म्हणतो. साक्षीदार करपला आणि शेजारचं टिकलं तर ते खरं. साक्षीदारही मजेत असेल तर जागाच गोड, आपण उगाच हुरळायचं नाही.

माझा ठेंगू गहू तुम्हाला आठवत असेल. त्याची आई उंच, हडकुळी, मिठात उभी राहणारी, पण ओंबीत दाणे मोजके. बाप भरघोस, पण मिठाचं नाव काढलं की पिवळा पडणारा. चिमट्याने एकेका फुलातले परागकोश काढायचे, वर कागदाची पिशवी चढवायची, दोन-तीन दिवसांनी दुसऱ्याचे पराग आणून झटकायचे. लग्न लावण्यातला सगळा वैताग, आणि पंगत नाही. मग पिढ्यान् पिढ्या पेरायचं आणि उपटून फेकायचं. माझं आयुष्य उपटून फेकण्यातच गेलं. ठेंगू त्यातून उरला. यंदा चार तुकड्यांत पेरलाय, आणि पश्चिमेच्या तुकड्यात तो दृष्ट लागावी असा उभा आहे. साक्षीदार करपलाय आणि हा साक्षीदाराच्या दीडपट तरी उतरेल असा अंदाज आहे.

आताच्या साहेबांनीही तो पाहिला. निवृत्तीनंतर आणखी दोन हंगाम थांबा म्हणताहेत. उत्तर अजून दिलेलं नाही.

यांना थंडी वाजत असेल तर निळा स्वेटर. बटणं तुम्हीच लावा, ते वरखाली लावतात.

तुमची,
वहिनी

२० फेब्रुवारी

वहिनींस,

कुंड्या खाली उतरवल्या, गुलाब तेवढा शेजाऱ्यांकडेच रमलाय. कोरफडीने माझ्याशी बोलणं अजून सुरू केलेलं नाही, पण दादाने तिची माती तपासून मान हलवली. पास की नापास ते कळलं नाही.

तुम्ही लिहिलंत ते वाचून मी वरमलो. आयुष्यभर मुलांना शिकवलं की संदर्भ सोडून अर्थ लावू नका, आणि स्वतःच्या भावाचा अर्थ डॉक्टरांकडून लावून घेतला.

दोन हंगामांबद्दल मी काही बोलणार नाही. दोन हंगाम म्हणजे दोन वर्षं, एवढंच आपलं समजून घेतलं. इथे सगळं आलबेल आहे. दादाची तब्येत आहे तशीच आहे. स्वेटर घालतो. बटणं मी लावतो. लावताना तो मला "आभारी आहे हं, मास्तर" म्हणतो. मास्तर तर मी आहेच, तेव्हा त्यात काळजीचं काही नाही.

तुमचा,
भावोजी

२५ फेब्रुवारी

प्रिय भावोजी,

"त्यात काळजीचं काही नाही" हे वाक्य तुम्ही नसतं लिहिलं तर मला काळजी वाटली नसती. तुम्हाला ते लहानपणापासून 'धाकट्या' म्हणत आलेत.

एक काम करा. पार्सलात मातीच्या पाच पुड्या आहेत, वर एक ते पाच आकडे घातलेत. आमचं मीटर दुरुस्तीला गेलंय आणि मला घाई आहे. यांना जेवणानंतर थोड्या वेळाने बसवा, चूळ भरायला लावा, आणि एकेक पुडी चाखवा. मध्ये पाणी द्या. ते म्हणतील तेच लिहा. सुचवायचं नाही, विचारायचं नाही, सुधारायचं नाही. तुम्हाला विशेषणं लावायची सवय आहे. ती या कामापुरती बाजूला ठेवा, तुमच्या पदरचं काही नको.

साहेबांना मार्चच्या मध्यापर्यंत उत्तर द्यायचंय. रोज विचारतात. त्यांच्या बागेतले गुलाब दाखवायला नेतात आणि परत येताना विचारतात.

तुमची,
वहिनी

४ मार्च

वहिनींस,

मृत्तिकापरीक्षणाचा समारंभ यथासांग पार पडला. दादा आरामखुर्चीत, मी स्टुलावर, मध्ये पाण्याचा पेला आणि थुंकायला पत्र्याचा डबा. निकाल येणेप्रमाणे:

पहिली पुडी मध्यम खारट.
दुसरी चांगलीच खारट, जिभेला चावणारी.
तिसरी खारट, पण मागाहून किंचित तुरट.
चौथी पहिलीपेक्षा सौम्य. हिच्यात गहू यायला हरकत नाही असं मत पडलं.
पाचवी सर्वांत जहाल, लवणरसाचा कडेलोट.

भाषा थोडीफार माझी आहे, निदान त्याचं. तुम्ही बजावलं होतंत तरी हात राहिला नाही, क्षमा असावी. एकंदरीत दादाची जीभ शाबूत आहे, हे पाहून मला फार बरं वाटलं. तुम्हालाही वाटावं.

तुमचा,
भावोजी

१० मार्च

भावोजी,

पाचही पुड्या एकाच खड्ड्यातल्या होत्या. पश्चिमेच्या तुकड्यात, ठेंगूच्या ओळीच्या पायथ्याशी, एकाच खुरप्याने काढलेल्या. घमेल्यात कालवून, चाळून भरल्या होत्या. आणि मीटर धडधाकट आहे, माझ्या टेबलावरच आहे.

मी तुमच्याशी खोटं बोलले. सांगितलं असतं तर तुम्ही त्यांना नकळत मदत केली असती. तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

मनाशी एक ठरवलं होतं. मला ते ओळखतील की नाही याचा भरवसा नाही. पण माती ओळखतात तोवर ते आहेत, आणि ते आहेत तोवर मी तिथे असायला हवं. मग दोन हंगामही नकोत आणि ठेंगूही नको. एकच माती पाच वेळा दिली आणि पाच वेगवेगळी उत्तरं आली, याचा अर्थ मला शेतात रोज लावावा लागतो. अशा ओळीवर आम्ही फुली मारतो.

काल संध्याकाळी साहेबांच्या कागदावर सही केली. दोन हंगाम.

मी तिथे आले काय आणि न आले काय, त्यांना आता सारखंच. गव्हाला मात्र फरक पडेल. हे लिहिताना मला स्वतःचा राग येतोय, पण खाडाखोड करत नाही. फार थकलेय. त्यांना सांभाळा. तुमच्यावर टाकतेय हे कळतंय मला.

वहिनी

१४ मार्च

वहिनी,

नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवतो. तुमचं पत्र वाचलं. जे घडलं ते आता जसंच्या तसं लिहितो. एकही शब्द माझा नाही.

दादाने पहिली पुडी चाखली. डोळे मिटले. म्हणाला, "गोड."

मी म्हटलं, "नीट बघ, दादा."

"नीटच बघितलं. गोड."

चूळ भरायला लावली. दुसरी दिली. "गोड."

तिसरी दिली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी शब्दरूपं न येणाऱ्या पोराकडे पाहायचो. "गोड आहे, मास्तर."

चौथी. "अहो, तीच ती माती किती वेळा आणता?"

"ही वेगळी आहे. आकडा बघ, चार."

"आकडे काय, कुणीही घालतं," तो म्हणाला आणि पाचवी चाखली. "गोड. कुणाचं शेत आहे हे? त्यांना म्हणावं, बिनघोर पेरा."

वहिनी, मला काय ठाऊक? पुड्या तुमच्या केंद्रावरच्या. तिथल्या जमिनीवर मीठ फुलतं हे मी जन्मभर ऐकत आलोय. तिथून आलेल्या मातीला पाच वेळा 'गोड' म्हणणाऱ्या माणसाची जीभ गेली, दुसरं काय समजणार? 'तीच ती' म्हणाला तो वैताग मला आजाराचा वाटला. कागदावर पाच वेळा 'गोड' असं लिहिलंही होतं. ते तुमच्या हातात पडल्यावर तुमचा चेहरा कसा होईल, ते मला दिसलं. मग तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. खारट जमिनीत खारट उत्तरं शोभतात म्हणून खारट लिहिली, आणि पाचही सारखी लिहिली तर कॉपी केल्यासारखी दिसतील म्हणून वेगवेगळी लिहिली. शाळेत मी अशा पोरांना बरोबर पकडायचो.

त्याने पाच वेळा एकच उत्तर दिलं. उत्तर चूक असेल, पण एकच दिलं. फुली मारायची तर माझ्यावर मारा.

दुसरं जे लपवलं तेही सांगून टाकतो. गेला महिनाभर तो मला ओळखत नाही. मी त्याच्या घरी भाडेकरू आहे, अशी त्याची समजूत आहे. वागणूक चांगली आहे, म्हणून मला ठेवून घेतलंय.

भावोजी

२४ मार्च

प्रिय भावोजी,

तुमचं पत्र मी बांधावर उभ्याने वाचलं, मग खाली बसून परत वाचलं.

आधी वाटलं, पाच वेळा एकच, पण चूक. पश्चिमेचा तुकडा गोड कसा असेल? पेरणीआधी नियमाप्रमाणे चारही कोपऱ्यांतली माती काढून, एकत्र करून मोजली होती, चांगली खारट निघाली होती. साक्षीदार करपलेला माझ्या डोळ्यांसमोर उभा होता. समाधान करून घेतलं की निदान एका मतावर ठाम तरी आहेत. चहा प्यायले. चहा पिताना मनात आलं की पाच वेळा तेच म्हणणं ही चूक नव्हे, ते मत आहे. आणि यांचं मातीबद्दलचं मत मी आजवर कधी तपासल्याशिवाय सोडलेलं नाही. लग्नाआधीही नाही.

मीटर घेऊन गेले. जिथली माती तुम्हाला पाठवली होती त्याच खड्ड्यातली घेतली, पाण्यात ढवळली, निवू दिली, मीटर बुडवलं. काटा जागचा हलेना. आधी वाटलं, मीटर खरंच बिघडलं, माझं खोटं अंगावर आलं. शेजारच्या साक्षीदाराच्या ओळीतली माती घेतली, तर काटा उडाला.

मग खणलं. ठेंगूच्या ओळीखालून नळ गेलाय. साहेबांच्या बागेला पाणी नेणारा. सांधा झिरपतोय, कुणाला दिसणार नाही इतका. रात्रंदिवस गोडं पाणी मीठ धुऊन खाली नेतंय. हातभर रुंदीची पट्टी, आणि माझा लाडका त्याच पट्टीवर झोपलाय. साक्षीदार बाजूला मिठात मरत होता आणि त्याची साक्ष मी खरी धरली. चार कोपरे मोजले, मधलं राहिलं. विद्यार्थ्यांना मी हेच शिकवत आले, की कोपऱ्यांवर जाऊ नका.

आयुष्यातला सर्वांत देखणा गहू खोटा निघाला, आणि भावोजी, मी त्या खड्ड्यापाशी बसून हसत होते. माळी बघून गेला.

साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, एका तुकड्याचं काय घेऊन बसलात? दीडपटीचा अंदाज वरच्या ऑफिसला कळवून झालाय. नळाचं कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय की."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आमच्या ह्यांनी."

हे कुठे आहेत, कसे आहेत, साहेबांना सगळं ठाऊक आहे. मला कीव नको होती म्हणून मीटरचा आकडा पुढे ठेवला. मग म्हणाले, "तो तुकडा खोडला तर मुदतवाढ कशाच्या जोरावर देऊ?" खूप घासाघीस केली. एक हंगाम मिळाला, क्वार्टर्स राहिल्या. पश्चिमेचा तुकडा मी माझ्या हाताने खोडला.

आता तुमच्यासाठी. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतेय, यांना न्यायला. मी शेतात असताना हे भटकतील, फाटकाबाहेर जातील, कालव्याकडे वळतील, या भीतीने यांना तुमच्याकडे ठेवलं होतं. ती भीती अजूनही आहे. पण मी इथे गव्हाशेजारी साक्षीदार पेरते आणि घरी एकटी जेवते, यात काहीतरी चुकतंय. खुर्ची बांधावर ठेवीन. बांध माझ्या नजरेत असतो.

त्यांना मी आठवत नसले तरी चालेल. तुमचं पत्र आलं तेव्हापासून मला हे चालतंय.

निळा स्वेटर धुऊन ठेवा.

तुमची,
वहिनी

१९ एप्रिल

प्रिय भावोजी,

तुम्ही स्टँडवर बस हलेपर्यंत उभे होतात, ते यांनी पाहिलं. म्हणाले, "भाडेकरू सज्जन आहे. भाडं वाढवू नका."

खुर्ची बांधावर आहे, छत्री खुर्चीला बांधलीय. एकदा उठून फाटकापर्यंत गेले होते, माळ्याने आणून बसवलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा माझ्या ओंजळीत निवडलेल्या ओंबीचे मोजलेले दाणे होते. ते तसेच टाकून धावले. दाणे वाया गेले. हे असंच चालणार, गोडीगुलाबीचं काही लिहीत नाही.

रोज सकाळी मला विचारतात, "बाई, नवीन नेमणूक का?" मी हो म्हणते. मग मातीचे अधिकारी म्हणून स्वतःची ओळख करून देतात. तीच ओळख, तेच अदबीचं बोलणं. पहिल्या वेळी मी घाबरले होते, आता नीट ऐकून घेते.

काढणी झाली, वजनं झाली. पश्चिमेचा सोडून उरलेल्या तीन तुकड्यांत ठेंगू साक्षीदारापेक्षा थोडा वर आहे. दीडपट नाही, सव्वापटही नाही. पण तिन्ही ठिकाणी वर आहे. शहाणी माणसं याला 'अजून एक वर्ष बघू' म्हणतात. मी दोन हंगामांसाठी सही केली होती, एकच मिळाला, आणि तो पुरेल असं वाटत नाही. पुरला नाही तर कुणीतरी पुढे नेईल किंवा नेणार नाही.

एक सांगायचं राहिलं. काढणीच्या आदल्या दिवशी यांना उत्तरेच्या तुकड्यात नेलं होतं, तिथे मीठ सर्वांत जास्त. हे वाकले, चिमूट घेतली आणि लगेच थुंकले.

"खारट," म्हणाले. "फार खारट." मग ठेंगूकडे बघत राहिले. तो तिथे गुडघ्याएवढाही नव्हता, टोकं करपलेली, पण ओंबी भरलेली. यांनी ओंबी बोटांत चोळली, दाणे तळहातावर घेतले.

"मग हा इथे काय करतोय?" मला विचारलं.

"उभा आहे," मी म्हटलं.

"कुणी पेरला?"

"मीच."

"नवीन आहात तुम्ही," ते म्हणाले. "पण बरं काम केलंत."

आमच्या खात्यात याहून मोठा शेरा त्यांनी कधी कुणाला दिलेला नाही. तुम्हाला कळवावंसं वाटलं.

तुमची,
वहिनी

३० एप्रिल

वहिनींस,

उभ्यानेच नमस्कार. गुडघे आहेत तसेच.

घर शांत आहे. कपाटापुढे उभं राहून ऑफिस उघडलं का, म्हणून विचारणारं कुणी नाही. काल सकाळी मीच विचारलं. कपाट आता मलाही उत्तर देत नाही. शेजाऱ्यांनी गुलाब परत आणून दिला, वर "तुम्हाला आता मोकळीक झाली" असंही म्हणाले. मी हो म्हटलं. एवढी मोकळीक ठेवायची कुठे, हा प्रश्न आहे.

कोरफडीच्या कुंडीत दादाच्या दोन बोटांचा खळगा आहे. पाणी घालताना मी तो चुकवून घालतो.

तुमचा ठेंगू सव्वापटही नाही हे वाचलं. मला गव्हातलं काही कळत नाही. पण दादाच्या तोंडून 'बरं काम केलंत' निघालं असेल, तर मी त्याला तुमच्या सगळ्या आकड्यांच्या वर धरतो. मी त्याला माझं पहिलं पुस्तक दाखवलं होतं, तेव्हा तो "छपाई चांगली आहे" म्हणाला होता.

तुम्ही मला रागावला नाहीत, ते माझ्या मनाला लागलंय. रागावला असतात तर उत्तरात काहीतरी चटकदार लिहून मोकळा झालो असतो. रोज विचार करतो की मी तुमची सही घडवून आणली, आणि तीही चांगल्या भाषेत.

काल दुपारी कुणी नाही असं पाहून त्या खळग्यातली चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली. डोळे मिटले. मधुर, अम्ल, लवण, कटू, तिक्त, कषाय, सहाही रस मला अर्थासकट, उदाहरणांसकट पाठ आहेत. वाट पाहिली. एकही आला नाही. मातीसारखी लागली.

सोबत त्याच कुंडीतली एक पुडी पाठवतोय. वर आकडा घातलेला नाही. दादाला जेवणानंतर थोड्या वेळाने, चूळ भरायला लावून द्या. तो म्हणेल तेच लिहा, तुमच्या पदरचं काही नको.

तुमचा,
भावोजी
(भाडेकरू)